पुरासाठी घराचा विमा: आधी पाण्याची पातळी, मग पॉलिसी

घराचा विमा काढायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर केवढ्याचं? आग किंवा भूकंप डोळ्यांसमोर असेल तर प्रश्न बरोबर आहे. पुरासाठी तो बराच नंतरचा. पूर घर पाडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो घर भिजवून जातो. आरसीसीची इमारत पाणी ओसरल्यावर जागेवरच उभी असते. जातं ते आतलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, प्लायवूडची कपाटं, गाद्या, इन्व्हर्टरची बॅटरी, दारांच्या चौकटी, भिंतीतली वायरिंग. म्हणून पहिल्यांदा विमा घेणाऱ्याने स्वतःला आधी हे विचारावं: पाणी आलंच, तर आपल्या घरात कुठवर येईल? त्याचं उत्तर हातात असलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

इथे लिहिलंय ते भारतातल्या राहत्या घरांबद्दल. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

पहिली पायरी: पाण्याची पातळी शोधा

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराच्या विकास आराखड्यात या रेषा दाखवलेल्या असतात. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात आपला सर्व्हे नंबर देऊन विचारता येतं.

यात एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे २०१९ ला पूर आला, आता आपल्या हयातीत काळजी नाही, असं लोक धरून चालतात. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का असते, आणि मागच्या वर्षी काय झालं याच्याशी तिचा संबंध नसतो. ३० वर्षं त्या घरात राहणार असाल तर या काळात निदान एकदा तो पूर भेटण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला दर वर्षी ४ टक्के, म्हणजे १० वर्षांत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के. गृहकर्जाच्या मुदतीशेजारी हा आकडा ठेवून बघा.

नदी लांब आहे म्हणून निश्चिंत राहायचं, तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नदीकाठी नसलेल्या वस्त्याही बुडाल्या. असं पाणी पूररेषेच्या नकाशावर दिसत नाही. बुजवलेला नाला, रस्त्याची वाढवत नेलेली उंची, समोर झालेलं नवं भराव टाकलेलं बांधकाम यांनी ते ठरतं. ही माहिती नकाशापेक्षा माणसांकडे असते. तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना, वॉचमनला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा: सगळ्यात जास्त पाणी कधी आलं आणि कुठवर? पायरीला लागलं, की ओट्यापर्यंत गेलं?

कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाची ४० आणि ४५. किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी शिरतं, हे तिथे पोरासोरांना पाठ असतं. इतर गावांत तो हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. मांडलात की लिहून ठेवा: जमिनीपासून अंदाजे इतके फूट. पुढे सामानाची यादी करताना हा आकडा लागणार आहे.

दुसरी पायरी: आज काय आहे ते आधी उघडून बघा

अनेकांच्या नावावर घराशी संबंधित कुठला तरी विमा आधीच असतो आणि तो नेमका कशाचा हे त्यांना माहीत नसतं. गृहकर्ज घेताना बँकेने "इन्शुरन्स" म्हणून जे कापून घेतलं, ते बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचं संरक्षण असतं: कर्जदार दगावला तर कर्ज फिटतं. पाणी शिरलं तर त्या कागदातून एक पैसाही मिळत नाही. काही कर्जांत इमारतीचाही विमा असतो, पण तो कर्जाच्या रकमेपुरता आणि सामानाशिवाय असू शकतो. अशा पॉलिसीत बँकेच्या हिताचं कलम असतं, त्यामुळे क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. इमारतीचा विमा काढा असं बँक म्हणू शकते. अमुकच कंपनीकडून काढा अशी सक्ती तिला करता येत नाही.

फ्लॅट असेल तर सोसायटीची पॉलिसी मागा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीच्या विम्याचा उल्लेख आग आणि भूकंप यांच्या संदर्भात आहे. पुराचं नाव तिथे नाही, त्यामुळे सचिव "आपला विमा आहे" म्हणाले तरी तेवढ्यावर विसंबू नका. जुन्या धर्तीच्या आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर यांचा एक वेगळा गट असायचा आणि थोडा हप्ता वाचवण्यासाठी तो वगळता यायचा. विमा क्षेत्रात त्याला "एसटीएफआय" म्हणतात. तो वगळला आहे की ठेवला आहे, हे पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, लिहिलेलं असतं. आणि सोसायटीने पुराचं संरक्षण घेतलेलं असलं तरी ते इमारतीचं. तुमच्या दारामागचं सामान तुमचं तुम्ही बघायचं.

तिसरी पायरी: मूळ पॉलिसी समजून घ्या

आपल्याकडे पुराचा वेगळा विमा सहसा मिळत नाही. घराच्या पॉलिसीतच पूर येतो. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असली तरी तिचे मूळ शब्द तेच, म्हणून नवख्याने सुरुवात इथूनच करावी. कंपन्या स्वतःच्या आकर्षक नावांची पॅकेजं विकतात. त्यांतली काही चांगली असतीलही, पण तुलना करायला एक पक्की मोजपट्टी हवी आणि ती ही पॉलिसी देते.

आग, वीज, भूकंप, वादळ, त्सुनामी, दरड कोसळणं, घराखालची जमीन खचणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात आहे. पूर आणि पाणी साचून बुडणं, हे दोन्ही शब्द मूळ यादीतच आहेत. त्यासाठी जादा पैसे भरून काही जोडावं लागत नाही. घर पाण्याखाली असताना किंवा त्यानंतर लगेच चोरी झाली तर तीही धरली जाते, पण घटनेपासून ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच झालेली. घर सोडून नातेवाइकांकडे गेलेल्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे.

आणखी एक मोठी सोय म्हणजे कमी रकमेच्या विम्याची कात्री या पॉलिसीत लागत नाही. जुन्या पद्धतीत ४० लाखांच्या इमारतीचा विमा २० लाखांचाच असेल, तर १० लाखांच्या नुकसानीवर ५ लाखच हाती पडायचे. निम्मा विमा, निम्मी भरपाई. भारत गृह रक्षामध्ये हा हिशेब पूर्णपणे माफ आहे. विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढी भरपाई. दुकान किंवा ऑफिस असलेल्या जागेला ही माफी आपोआप लागू होईल असं मात्र समजू नका. ही पॉलिसी राहत्या घरांची आहे.

चौथी पायरी: इमारतीची रक्कम

हा भाग चटकन आटोपतो. जागेची बाजारातली किंमत विसरा. पुरात जमीन वाहून गेली तरी तिचे पैसे मिळत नाहीत. धरायचा तो आज तेवढं घर नव्याने बांधायला येणारा खर्च: चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. बाल्कनी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांचं क्षेत्र २५ टक्के धरतात.

समजा चटई क्षेत्र ७०० चौरस फूट आणि बाल्कनी ८० चौरस फूट. बाल्कनीचे २० धरले की ७२०. बांधकामाचा दर हिशेबापुरता २,५०० रुपये धरला तर रक्कम झाली १८ लाख. हाच फ्लॅट बाजारात ८० लाखांना जात असेल, पण त्यातले बाकीचे पैसे जमिनीचे आणि मोक्याच्या जागेचे. ८० लाखांचा विमा काढून जास्त काही मिळणार नाही, फुकट हप्ता जाईल. दर तुमच्या भागातल्या एखाद्या इंजिनिअरला विचारून घ्या.

बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर कंपाउंडची भिंत, फाटक, पाण्याची बांधलेली टाकी, गॅरेज, छतावरचे सोलर पॅनेल हे सगळं इमारतीत मोडतं. पुरात सगळ्यात आधी पडते ती कंपाउंडची भिंत, आणि रक्कम ठरवताना नेमकी तीच राहून जाते. भिंती किंवा छप्पर कच्चं असेल तर प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, तसं स्पष्ट लिहा. "पक्कं" असं टिक करून मोकळं होणारे एजंट असतात, आणि क्लेमच्या वेळी तो कागद तुमच्या सहीचा असतो.

बांधकामाचा खर्च वाढत जातो त्याचीही सोय आहे. इमारतीची विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न घेता. पॉलिसी एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते, आणि दीर्घ मुदतीत ही वाढ मूळ रकमेच्या १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

पाचवी पायरी: सामान

खरा निर्णय इथे आहे, त्यामुळे एक निवांत दुपार याला द्या.

भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाख रुपये. यादी द्यावी लागत नाही. वरच्या उदाहरणात १८ लाखांचे २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. ऐकायला बरं वाटतं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पुरेल, कारण पाणी तिथे पोचणारच नाही. त्याला सामानाची चिंता आगीपुरती. तळमजल्यावर मात्र आधी आकडे मांडावे लागतील.

पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली पातळी घ्या. समजा तीन फूट. आता घरात फिरून तीन फुटांच्या खाली जे जे आहे ते लिहा. फ्रिज उभा असला तरी त्याचा कॉम्प्रेसर खाली असतो, म्हणजे फ्रिज गेला. वॉशिंग मशीन गेलं. दिवाण, सोफा, गाद्या गेल्या. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि प्लायवूडचं फर्निचर खालून फुगलं की वरचा भागही कामाचा राहत नाही, म्हणून अख्खंच लिहा. इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर, मिक्सर कुठे ठेवता? कपाटाचे खालचे दोन कप्पे? पलंगाखालच्या पेटीत काय आहे? प्रत्येकापुढे आज नवीन घ्यायला पडेल ती किंमत लिहा. लग्नात घेतलेल्या कपाटाला तेव्हा काय पडलं हा आकडा इथे निरुपयोगी.

बेरीज ३ लाख ६० हजारांच्या आत आली तर काही करू नका. वर गेली तर यादी देऊन सामानाची रक्कम वाढवून घ्या. तशी सोय पॉलिसीत आहे, आणि माझ्या मते तळमजल्याच्या घरात हप्त्याचा वाढीव रुपया इमारतीपेक्षा इथे घालावा. भिंतीत बसवलेलं फर्निचर इमारतीत धरायचं की सामानात, हे कंपनीला विचारून ठरवा. दोन्हीकडे लिहू नका आणि दोन्हीकडून वगळूही नका.

सरकारी मदत मिळेलच, असं म्हणून हा भाग टाळणारेही असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. सामानाचं काय? घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कुटुंबामागे कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालतं, पण त्यातून फ्रिज येत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी फक्त सामानाचा विमा घ्यावा. इमारत मालकाची, तिचा विमा त्याने बघायचा. पण मालकाच्या पॉलिसीत भाडेकरूचा सोफा येत नाही, आणि हे बहुतेकांना पाणी ओसरल्यावर कळतं.

दागिने आणि कलावस्तू सर्वसाधारण सामानात येत नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. एकूण रक्कम ५ लाखांच्या आत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. रोख रक्कम, कागदपत्रं, वाहनं यांचं नुकसान मूळ पॉलिसी भरून देत नाही. गाडीसाठी तिच्या स्वतःच्या पॉलिसीत पुराचं संरक्षण असतं, पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी घेतलेली असेल तर ते मिळत नाही.

सहावी पायरी: काय मिळणार नाही

पॉलिसीचं हे पान आधी वाचा, बाकीची नंतर.

पावसाळाभर गच्चीतून झिरपून भिंतीला आलेली ओल पूर नव्हे. ती देखभालीची बाब, आणि जुनेपणाने, हळूहळू होणारं नुकसान पॉलिसी देत नाही. घराखालची जमीन खचली तर संरक्षण आहे, पण नदीने काठ खात खात आणला आणि त्यामुळे खचली तर नाही. भराव टाकलेल्या जमिनीचं सरकणंही वगळलेलं आहे. नदीकाठी घर घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

विजेच्या उपकरणांचं कलम सगळ्यात फसवं. पाण्यात बुडून वॉशिंग मशीन बिघडलं तर ते पुराचं नुकसान. पण शॉर्ट सर्किटमुळे त्याच यंत्राचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ओलं मशीन "चालतंय का बघू" म्हणून प्लगमध्ये घातलं आणि जळलं, तर तुम्ही स्वतःच क्लेम एका खान्यातून उचलून दुसऱ्या खान्यात ठेवलात. शिवाय जिवाला धोका आहे तो वेगळाच.

गटारातून किंवा बाथरूमच्या जाळीतून उलटं वर येणाऱ्या पाण्याबद्दल, तळघरातल्या सामानाबद्दल, आणि घर महिनाभर बंद राहणार असेल तर काय, याबद्दल कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो हो, सगळं कव्हर आहे" उपयोगाचं नाही. प्रत्येक क्लेममधून पहिले किती रुपये तुम्ही सोसायचे, ती एक्सेसची रक्कम शेड्यूलमध्ये छापलेली असते. हप्ता कमी दिसला तर आधी तिथे नजर टाका.

उलट काही गोष्टी मूळ पॉलिसीतच असतात आणि लोक त्या मागायला विसरतात: गाळ आणि मलबा काढण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही मिळतं. त्यासाठी घर राहण्यायोग्य नसल्याचा दाखला लागतो.

सातवी पायरी: फॉर्म आणि वेळ

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. पूर्वी घरात पाणी शिरलं होतं का, असा प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. २०१९ ला शिरलं होतं आणि तुम्ही "नाही" लिहिलंत, तर क्लेमच्या वेळी ते शोधून काढणं अवघड नाही. वर्तमानपत्रांत तुमच्या पेठेचे फोटो असतात.

विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही, आणि सुरू झाल्याची तारीख-वेळ पॉलिसीवर असते. धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आल्यावर धावपळ करणाऱ्याला कंपनी नाही म्हणू शकते. एप्रिल-मेमध्ये हे काम उरकावं. नूतनीकरणाची तारीख ऐन जुलैत येत असेल तर ती आधी ओढून घ्या किंवा सरळ काही वर्षांची पॉलिसी घ्या. दीर्घ मुदत घेतलीत तर इमारतीची रक्कम आपोआप वाढते हे वर आलंच. सामान वाढलं की ते मात्र तुम्ही कळवायचं.

दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या आणि सगळीकडे तीच इमारत रक्कम, तीच सामान रक्कम सांगा. नाहीतर तुलना निरर्थक होते. कोटेशनमधला हप्ता जीएसटी धरून आहे की नाही तेही बघा. पॉलिसी हातात आल्यावर पत्ता, मजला, चटई क्षेत्र, नावं आणि दोन्ही रकमा तपासा, चूक असेल तर लगेच दुरुस्ती करून घ्या. घेतलेली पॉलिसी पटली नाही तर ती मध्येच रद्दही करता येते. एक वर्षाची पॉलिसी असेल आणि क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणात परत मिळतो.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, उपकरणांच्या मागचे सीरियल नंबर दिसतील असा. बिलांचे फोटो आणि पॉलिसी स्वतःलाच ईमेल करून ठेवा. घरातल्या फायलीत ठेवलेली बिलं पुरात फायलीसकट जातात.

आठवी पायरी: पाणी आल्यानंतर

मेन स्विच बंद करून माणसं आधी बाहेर. कंपनीच्या हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर क्लेम नोंदवा, रस्ते बंद असले तरी. नोंदवायला घरात असावं लागत नाही. क्लेम क्रमांक मिळाला की तो लिहून घ्या.

परत आल्यावर हात शिवशिवतात, आधी चिखल काढू म्हणून. थोडं थांबा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक खोलीत फोटो घ्या. मग प्रत्येक खराब वस्तूचा फोटो, जागेवर असतानाच. त्यानंतर साफसफाई सुरू करायला हरकत नाही, कारण नुकसान वाढू न देणं हीही तुमचीच जबाबदारी. फक्त खराब वस्तू सर्व्हेअर (नुकसान तपासून आकडा काढणारा) बघून जाईपर्यंत किंवा कंपनी लेखी परवानगी देईपर्यंत फेकू नका. पालिकेची गाडी कचरा उचलायला आली आणि गाद्या टाकाव्याच लागल्या, तर फोटो, व्हिडिओ आणि शेजाऱ्याची साक्ष ठेवा.

तलाठी किंवा पालिकेचे कर्मचारी पंचनाम्याला येतात तेव्हा घरी असा आणि प्रत मागून घ्या. तो सरकारी मदतीसाठी असतो, पण पाणी किती तारखेला, कुठवर होतं याचा त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. पंचनाम्यातला आणि क्लेममधला सामानाचा तपशील जुळायला हवा.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम नोंदवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. मोठ्या पुरात एकाच वेळी हजारो क्लेम येतात आणि सर्व्हेअर बाहेरगावाहून आणावे लागतात. उशीर होईल हे गृहीत धरा, पण तारखा लिहीत जा. सर्व्हेअर आला की आपली यादी त्याच्या हातात द्या. आठवेल तसं तोंडी सांगत बसलात तर स्वयंपाकघर संपेपर्यंत निम्म्या गोष्टी निसटतात. तो कंपनीचा नोकर नसतो, परवानाधारक असतो. त्याच्याशी वाद न घालता कागद पुढे करावेत. कमी आकडा लावला असं वाटलं तर कारण लेखी मागा.

क्लेम नाकारला किंवा फार कापला तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथे काम झालं नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करता येते, आणि त्यापुढे विमा लोकपाल. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुणे इथे आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या वादांसाठी तिथे जाता येतं, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचं अंतिम नकाराचं पत्र आल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची असते, म्हणून त्या पत्राचं पाकीटही तारखेसकट ठेवा. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. विरोधात गेला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी उघडाच राहतो.